विमान नेमकं कुठे अडखळतं?

बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यातून बोलतोय. पूर्वेकडून एचएएल विमानतळाच्या धावपट्टी २७ वर उतरताना आमचा भाग उजव्या हाताला राहतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये मी रोज हीच वाट धरतो, आणि विमान नेमकं इथेच अडखळायचं. बंदीपूरच्या जंगलावर सुरळीत, शहरावर आलं की धक्के.

मला एकट्याला चाललं असतं. पण रविवारी माझा जुना सोबती येतो. चेतक हेलिकॉप्टर उडवलेला माणूस. डोळ्यांनी दगा दिल्यावर आता एवढंच उडणं उरलंय. दोनदा ऐन टेकताना चित्र थिजलं, विमान आपटलं. तिसऱ्यांदा त्यानं जॉयस्टिकला हात लावला नाही, नुसता चहा मागितला.

दुकानदार म्हणाला, "सर, ग्राफिक्स कार्ड बदला." मी ईएमईचा माणूस. दोष सापडल्याशिवाय सुटा भाग मागायचा नाही, ही सवय निवृत्तीनंतरही जात नाही.

चाचणी सोपी आहे. जागा, वेळ, हवामान तेच ठेवा आणि फक्त रिझोल्यूशन उतरवा. चित्र रंगवणं हे कार्डाचं काम. ते हलकं करूनही वेग वाढला नाही, तर कार्ड बिचारं वाट बघत बसलंय. माझे सेकंदाला २३ फ्रेम २३च राहिले. डेव्हलपर मोडमधला फ्रेमचा तक्ताही तेच सांगत होता: 'लिमिटेड बाय मेन थ्रेड'. प्रोसेसरचा एकच कोअर घामाघूम, बाकीचे बरेचसे मोकळे. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर निवांत दिसतो. तिथे फसू नका.

टेरेन लेव्हल ऑफ डिटेल २०० वरून १०० केलं, रस्त्यावरची वाहनं आणि विमानतळावरची गर्दी घटवली. फ्रेम ३४ झाले.

तरी अधूनमधून हिसका बसायचाच. इथे सरासरी फसवते. ३० फ्रेम म्हणजे प्रत्येक चित्राला ३३ मिलिसेकंद. एखाद्यालाच १५० लागले तर सरासरी जेमतेम हलते, पण डोळ्याला ते खटकतं. शोधलं, तर रोलिंग कॅश जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर! ती एसएसडीवर नेली. मग फ्रेम ३० वर बांधले. ६० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसतं. हे सगळं एका वेळी एक बदल करून, वहीत नोंदून. नातू हसतो, हसू दे.

जमिनीचं दृश्य इंटरनेटवरून येतं. संध्याकाळी अख्खी सोसायटी सिनेमे बघायला बसली की अजूनही एखादा धक्का बसतो. म्हणून आम्ही आता सकाळी सातला उडतो. गेल्या रविवारी त्यानं चारदा उतरवलं, चौथ्यांदा आडवा वारा लावून. चहा तसाच गार झाला.