कर्जफेड : दोघांची जबाबदारी



मुलुंड-बोरिवलीच्या अनेक घरांत पती-पत्नीपैकी एकाला हिशेबाची सवय नसते आणि महिनाअखेरीस उसनवारी सुरू होते. दोषारोप हा त्यावरील उपाय नव्हे. पगार होताच कर्जाचा हप्ता, घरभाडे, रेल्वेचा पास व किराणा यांचे पैसे प्रथम बाजूला काढावेत. उरलेल्यातून प्रत्येकाने ठरलेली रक्कम हिशेब न देता खर्चावी. जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे सावकाराला मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. म्हणून प्रत्येक भरण्याची पावती जपावी. जोडीदारापासून कर्ज मात्र लपवू नये. लपविलेल्या कर्जाबरोबर घरातील अविश्वासही वाढत जातो.