दुसरी प्रत कोठे आहे?



विषय संगणकाचा आणि बोलायला उभे आम्ही, कामगार चळवळीतले, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले. पण हजेरीपट पुरात भिजला म्हणून वीस वर्षांची नोकरी शाबीत करता करता मेटाकुटीला आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. तो हजेरीपट आता संगणकाच्या साठ्यात गेला, म्हणून आम्हीही त्याच्या मागोमाग गेलो.

दक्षिण कोरियातील हकीकत ऐका. तेथे सरकारी नोकरांनी कामाचे कागद टेबलावरच्या संगणकात न ठेवता 'जी-ड्राइव्ह' या सरकारी साठ्यात ठेवावेत, असा दंडक होता. 26 सप्टेंबर 2025 रोजी देजॉन शहरातील सरकारी संगणक-केंद्रात बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असता आग लागली. 600हून अधिक सेवा बंद पडल्या. बऱ्याच पुढे सुरू झाल्या. जी-ड्राइव्हमधले 858 टेराबाइट मात्र जळाले. साठा फार मोठा, म्हणून बाहेर प्रत ठेवली नव्हती, हे अधिकाऱ्यांचे उत्तर! मोठी झळ लागली ती नोकरवर्गाचाच कारभार पाहणाऱ्या मंत्रालयाला.

उपाय अवघड नाही, खर्चाचा आहे. इकडे झालेली नोंद दूरच्या गावातील साठ्यातही उमटवायची. दोन्हीकडे उमटल्याशिवाय 'झाले' म्हणायचे नाही, ही एक रीत. तीत काही गमावत नाही, पण अंतर वाढले की काम मंदावते. काचेच्या तंतूतून 1000 किलोमीटर जायला प्रकाशालाही सेकंदाचा सुमारे 200वा भाग लागतो, आणि पोच यायला तितकाच. दुसऱ्या रीतीत नोंद मागाहून जाते. मग अपघातात शेवटच्या काही नोंदी बुडतात. बँकेला ते परवडणार नाही, हजेरीपटाला एखादे वेळी परवडेल. जागा मात्र त्याच नदीच्या काठी, त्याच विजेच्या तारेवर नको.

एवढ्यावरही निर्धास्त राहू नये. इकडे कोणी नोंद पुसली, तर तिकडचीही निमूटपणे पुसली जाते. म्हणून जुन्या तारखांच्या प्रती निराळ्या, कोणाला हात लावता येणार नाही अशा ठेवाव्या लागतात. शिवाय वर्षातून एकदा मुख्य केंद्र बंद ठेवून दुसऱ्यावर पगारपत्रक काढून पाहावे.

आमच्या मागण्यांच्या यादीत आता बोनसच्या खाली एक कलम आहे: सेवानोंदीची दुसरी प्रत कोठे आहे आणि ती शेवटची कधी चालवून पाहिली, हे व्यवस्थापनाने लेखी द्यावे. पहिल्या बैठकीत साहेब हसले. दुसऱ्या बैठकीला संगणक-विभागाच्या माणसाला बरोबर घेऊन आले.