पाय आणि पेडल

सायकलवर बसलेल्या माणसाचा यंत्राशीं तीन ठिकाणीं संबंध येतो: हात, बैठक आणि पाय. हातांची पकड घटकेघटकेला बदलतां येते; बैठकीवर जरा मागेंपुढें सरकतां येतें. परंतु ज्यानें शर्यतीचे बूट चढविले आहेत, त्याचें पाऊल मात्र एका जागीं जखडलेलें असतें. ही जागा कशी ठरवावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पूर्वीं पेडलवर पोलादी पिंजरा व चामडी पट्टा असे. त्यांत पाऊल घालून पट्टा आवळावयाचा, आणि थांबण्याची वेळ आली कीं हात खालीं नेऊन तो सैल करावयाचा. बर्फावरून घसरत जाणाऱ्यांचा बूट त्यांच्या फळीला अडकवून ठेवणारीं साधनें बनविणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीनें १९८४ सालीं त्याच तत्त्वावर नवें पेडल काढलें. बुटाच्या तळाला स्क्रूनीं बसविलेली एक लहानशी पट्टी पेडलवर दाबली कीं अडकते, व टाच बाहेर वळविली कीं सुटते. १९८५ सालीं बर्नार इनो यानें अशींच पेडलें वापरून तूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली, आणि कांहीं वर्षांत जुना पिंजरा शर्यतींतून मागें पडला. या पट्टीलाच क्लीट म्हणतात.

सोय झाली खरी. पण तिच्याबरोबर एक जबाबदारीहि आली. साध्या पेडलवर पाऊल अवघडलें तर तें नकळत थोडें सरकतें. क्लीटमध्यें अडकलेल्या पावलाला ही मोकळीक फारशी नसते. मिनिटाला ९० फेरे धरले, तर तासाला ५,४०० वेळां आणि चार तासांत २१,६०० वेळां गुडघा त्याच मार्गानें वांकतो व सरळ होतो. दोन-तीन मिलिमीटरांची चूक एका फेऱ्यांत कांहींच नव्हे. हजारों फेऱ्यांत तिचेंच दुखणें होऊन बसतें. मग आपले गुडघेच कमकुवत, असें समजून एकादा होतकरू तरुण सायकल विकावयास निघतो. दोष गुडघ्याचा नसून स्क्रूचा असूं शकतो, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

क्लीट तीन प्रकारें बसवावी लागते. पहिला प्रश्न पुढें-मागें किती हा. बूट घालून अंगठ्याच्या मुळाशीं असलेलें उंच हाड बाहेरून चांचपावें व तेथें खूण करावी. तशीच खूण करंगळीच्या मुळाशीं करावी. पेडलचा आंस या दोन खुणांच्या दरम्यान यावा. क्लीट फार पुढें असली कीं घोट्यापासून आंसाचें अंतर वाढतें, तरफ लांब होते, आणि टाच स्थिर ठेवण्याचा भार पोटरीवर पडतो. ती मागें घेतली कीं पोटरीला विसांवा मिळतो. मात्र बैठक किंचित् खालीं आणावी लागते.

दुसरा प्रश्न कोनाचा. टेबलाच्या कडेवर बसून पाय मोकळे सोडावे. कोणाचीं पावलें सरळ राहतात, कोणाचीं बाहेर वळतात. कित्येकांचीं दोन पावलेंहि सारखीं नसतात. ज्याची जशी ठेवण, तशीच क्लीट असावी. पाऊल बळेंच सरळ केलें, तर तो पीळ गुडघ्यापर्यंत जातो; आणि गुडघा हा मुख्यत्वें बिजागरीसारखा सांधा आहे, पीळ सोसण्यासाठीं तो नाहीं. म्हणूनच कांहीं क्लीटमध्यें थोडी हालचाल मुद्दाम ठेवलेली असते. रस्त्यावरील शर्यतीच्या शिमानोच्या क्लीटांपैकीं लाल अचल असते, निळी २ अंश व पिवळी ६ अंश हालते. नवशिक्यानें पिवळीच घ्यावी.

तिसरा प्रश्न आडव्या सरकवण्याचा. येथें पुष्कळांचा घोटाळा होतो. बुटावर क्लीट बाहेरच्या बाजूस नेली कीं पाऊल आंत, सायकलच्या जवळ येतें. आंतल्या बाजूस नेली कीं पाऊल बाहेर जातें. पेडल मारतांना गुडघा पावलाच्या वर राहील, अशी जागा शोधावी.

आतां एक भ्रम दूर केला पाहिजे. क्लीट हलविली कीं वेग वाढेल, अशी अनेकांची आशा असते. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत शर्यतपटूंच्या क्लीटा मागें नेऊन पाहिल्या. त्यांना लागणाऱ्या प्राणवायूंत फरक पडला नाहीं, पोटरीचें काम तेवढें कमी झालें. तेव्हां या खटाटोपाचें फळ घड्याळांत शोधूं नये. वीस वर्षांनंतरहि न कुरकुरतां घाट चढणारा गुडघा, हेंच त्याचें फळ.

शेवटीं रीत सांगतों. जुन्या जागेची खूण केल्यावांचून स्क्रू सैल करूं नये. एका वेळीं एकच बदल, तोहि एक-दोन मिलिमीटरांचा करावा, आणि चार-पांच फेऱ्या झाल्यावर निर्णय घ्यावा. झिजलेली क्लीट वेळींच बदलावी. इतकें करूनहि दुखणें राहिलें, तर वैद्याला गांठावें. आणि ज्यांची सायकल मंडईपर्यंत जाऊन परत येते, त्यांनीं यांतलें कांहींच करूं नये. त्यांच्या साध्या पेडलवर पाऊल आपली जागा आपणच शोधून घेतें.