गुऱ्हाळाचे चुलाण : भावी अभियंत्यांची शाळा

(गूळ उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कृषी अभियांत्रिकीचे विद्यार्थी तुमच्या गुऱ्हाळावर येतात, मोजमापे घेतात, गरम गूळ खाऊन जातात. पुढे त्याचे काय झाले, हे तुम्हांला कळत नाही. तुमची ही तक्रार रास्त आहे. तरीही या मुलांना दार बंद करू नका, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१५ साली 'स्टुडंट रेडी' कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रकल्प, उद्योगातील प्रशिक्षण व प्रत्यक्ष अनुभव यांवर भर आहे. शाश्वत विकासाची व्याख्या वर्गात पाठ होते. पण जळण पुरवून कसे वापरावे, हे चुलाणापुढे बसल्याशिवाय कळत नाही.

जळणाचा हिशोब

१ टन उसापासून ६०० किलो रस निघाला व त्याचा ब्रिक्स २० असला, तर गूळ होईपर्यंत सुमारे ४७५ किलो पाणी आटवावे लागते. १ किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. रस तापविण्याची उष्णता धरून एकूण गरज सुमारे ३ लाख किलोकॅलरी होते. उन्हात वाळलेले १ किलो चिपाड साधारण ३,५०० किलोकॅलरी देते. म्हणजे उष्णता मुळीच वाया गेली नाही, तर ८५ किलो चिपाड पुरेल. त्याच उसाचे वाळलेले चिपाड मात्र २०० किलोंच्या वर भरते. तरीही बाहेरून जळण विकत घ्यावे लागत असेल, तर उष्णता धुराड्यातून, चुलाणाच्या भिंतींतून आणि ओल्या चिपाडातून जाते आहे, असे समजावे.

दोन्हीकडून शिकणे

हे कोठे व किती जाते, ते विद्यार्थी मोजू शकतात. प्रत्येक आदणाला रस व जळण यांचे वजन, रसाचा ब्रिक्स, धुराचे तापमान या नोंदी पुरेशा आहेत. त्यावरून हवेची झडप, राख पडण्यासाठी जाळी, धुराच्या उष्णतेवर रस आधी तापविणारी दुसरी काहील, असे उपाय सुचविता येतात.

माझ्याबरोबरच्या एका गटाने चुलाणाला विजेचा पंखा सुचविला होता. गुऱ्हाळमालकांनी एवढेच विचारले, "ऐन आदणात लाईट गेली तर?" मुले गप्प झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाताने चालणाऱ्या झडपेचे चित्र काढून आणले. त्या एका प्रश्नाने जे शिकविले, ते मी वर्गात शिकवू शकलो नसतो. मात्र त्यांचा अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात राहिला. मालकांना प्रत मिळाली नाही. ती चूक माझी होती.

तुम्ही काय करावे?

१. विद्यार्थी आल्यावर आपली एकच नेमकी अडचण सांगा. 'सगळे सुधारा' म्हटल्यास काहीच सुधारत नाही.

२. एका आदणावर निष्कर्ष काढू देऊ नका. सुधारणेपूर्वी व नंतर निदान तीन-तीन आदणांचे जळण मोजून घ्या.

३. खर्च, मजुरी व दुरुस्ती कोण करणार, हे स्पष्ट विचारा. जाळ घालणाऱ्या माणसाचे मतही ऐकवा. चुलाण त्याच्याइतके कोणाला कळत नाही.

४. अहवालाचा एक पानाचा मराठी गोषवारा पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मागा. तो देणे हे आम्हां शिक्षकांचे कर्तव्य आहे.

बंधू-भगिनींनो, वाचलेले चिपाड कंपोस्ट होऊन शेतात परत गेले, तर जमिनीलाही त्याचा लाभ आहे. येत्या हंगामात गुऱ्हाळ पेटेल तेव्हा एक तराजू चुलाणाजवळ ठेवा आणि मुलांना बोलवा. ती मोजतील, तुम्ही मात्र त्यांच्याकडून उत्तर घेतल्याशिवाय राहू नका.