हायकूच!

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात एका ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)

गेली पंचवीस वर्षं एकमेकांच्या मिक्सरचा आवाज सहन करत आलेल्या माझ्या सभासद बंधू-भगिनींनो,

कमिटीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही देऊन ठेवला आहे, 'आपली हायकूच मंडळी'. नवीन राहायला आलेल्यांना हे नाव ऐकून हसू येतं. त्यामुळे ते कसं पडलं, तिथूनच सुरुवात करतो.

सहा वर्षांपूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "रविवारी सकाळी सहा वाजता हायकू. गेटजवळ जमावे." सेक्रेटरींना लिहायचं होतं 'हायकिंग'. मोबाईलने आपली अक्कल चालवली. रविवारी आम्ही नऊ जण बूट घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन गेटवर हजर. आणि बी विंगमधल्या बाई, म्हणजे आपल्या निवृत्त मराठीच्या शिक्षिका, वही-पेन घेऊन हजर! गच्चीवर कवितांचा कार्यक्रम आहे असं त्यांना वाटलेलं.

आम्ही म्हटलं, "बाई, आता आलाच आहात तर चला." बाई म्हणाल्या, "येते. पण माझी एक अट. वाटेत जो थांबायला सांगेल, त्याने तीन ओळी करायच्या. हायकू आणि कूच, दोन्ही होऊ दे. हायकूच!"

वडखळ नाक्यावरून मिनीडोर केली. पोयनाड, कार्ले खिंड, खंडाळे. तेवढ्या प्रवासात बाईंनी आमचा तास घेतला. हायकू जपानचा. तिकडे पाच, सात, पाच अशी सतरा अक्षरं मोजतात. मराठीत तो रुजवला तो शिरीष पै यांनी, आचार्य अत्र्यांच्या कन्या. आपल्याकडे अक्षरं मोजण्याचा हट्ट नाही. तीन ओळी, जमलं तर यमक, आणि डोळ्यांसमोरचा एक क्षण. उपदेश नको, अलंकार नकोत.

आणि हे चालणं आणि लिहिणं एकत्र करायची कल्पनाही आपली नव्हेच, म्हणाल्या. बाशो नावाचा जपानी कवी 1689 साली सोरा नावाच्या शिष्याला घेऊन पायी निघाला, आणि सुमारे अडीच हजार किलोमीटर फिरला. खांद्यावरच्या ओझ्याची त्याने वहीत तक्रार करून ठेवली आहे. निघताना मित्रांनी प्रेमाने दिलेल्या वस्तू टाकवत नव्हत्या आणि उचलवतही नव्हत्या! हे ऐकल्यावर आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरून मिळालेल्या डब्यांकडे पाहिलं. बाशो लगेच आमचा माणूस झाला.

खंडाळ्याहून सागरगडाची वाट सुरू होते. पावसाळ्यात धबधबा समोर दिसतो, मग सिद्धेश्वराचं देऊळ, मग माची, मग गड. देवळाच्या अलीकडच्या चढावर माझा भाता झाला. मी ओरडलो, "हायकू!" सगळे थांबले. आता तीन ओळी देणं आलं. मी दिल्या:

दम लागला
म्हणून थांबलो,
फुलपाखरूही थांबलं.

बाईंनी वहीत उतरवून घेतलं. माझ्या आयुष्यातली पहिली कविता, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. गडावर पोचल्यावर सातवीतल्या एका पोराने केलेली तर अजून सगळ्यांना पाठ आहे:

गडावर
रेंज नाही,
आई हाका मारते.

त्या दिवसापासून महिन्यातून एक रविवार हायकूचचा. कर्नाळा झाला, पेणजवळचा सांकशी झाला, रोह्याचा अवचितगड झाला. सागरगड तर कितीदा! आणि हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना धाप लागते, ती माणसं आधी यायचीच नाहीत. 'आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो' असं वाटायचं. आता 'हायकू' म्हटलं की थांबायला कारण मिळालं. कुणी विचारत नाही, दमलात का? विचारतात, सुचलं का?

आता थोडं माझ्या घरचं सांगतो. माझ्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ इथे दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या बाथरूममधून माझ्या बेडरूममध्ये गळती. त्यावरून आमचं चार वर्षं बोलणं बंद होतं. सर्वसाधारण सभेत आम्ही एकमेकांशी अध्यक्षांमार्फत बोलायचो! हायकूचला दोघेही यायचो, पण तो पुढे तर मी मागे. बाईंनी एकदा सांगितलं होतं की हायकूचं मूळ साखळी कवितेत आहे. एकाने तीन ओळी द्यायच्या, दुसऱ्याने पुढच्या दोन जोडायच्या. म्हणजे मुळात हा सहकारी प्रकार! ते ऐकून मी मुद्दाम टोमणा मारला, "माझ्या दोन ओळी घ्या. वरून पाणी, खाली बादली. तिसरी ज्याची त्याने जोडावी." कुणी जोडली नाही. सगळे गप्प झाले.

पुढच्या जानेवारीत पुन्हा सागरगड. देवळाच्या वर, दहा मिनिटांत मी तीनदा 'हायकू' म्हटलं. तिन्ही वेळा सगळे थांबले, वाट पाहत राहिले, आणि मला एकही ओळ येईना. पोरं हसायला लागली. तेव्हा हेच गृहस्थ मागे वळून आले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "हसू नका रे. एवढ्या थंडीत यांना घाम फुटलाय."

माझी सॅक त्यांनी काढून घेतली. मला दगडाला टेकवून बसवलं, एक पाऊल चालू दिलं नाही. माचीवरच्या माणसांनी बांबूला चादर बांधून झोळी केली आणि मला खाली आणलं. त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, तसेच रेटत चालला असतात तर कठीण होतं.

मित्रहो, मी माझा स्वभाव ओळखतो. नुसतं हायकिंग असतं तर मी थांबलो नसतो. चारचौघांत कमीपणा नको म्हणून रेटलंच असतं. एका फालतू विनोदाने मला थांबायची सवय लावली होती, म्हणून आज या माइकपुढे उभा आहे.

घरी आल्यावर आठव्या दिवशी दाराची बेल वाजली. वरचे गृहस्थ. हातात शहाळी. बसले. बराच वेळ कुणीच बोलेना. मग माझ्या बेडरूममधल्या बादलीकडे बघत म्हणाले, "तुमची तिसरी ओळ घेऊन आलोय."

वरून पाणी
खाली बादली,
दोघंही जागे.

मला चार वर्षं वाटत होतं, झोप फक्त माझीच गेली आहे.

प्लंबर आला, खर्च निम्मा-निम्मा झाला. गळती अजून थोडी आहे, पण आता मी अर्ज करत नाही, जिना चढून वर जातो, चहा पितो.

इमारतीला पंचवीस वर्षं झाली, आपल्यालाही झाली. लिफ्ट थांबते, पाणी थांबतं, तसे आपणही मधूनमधून थांबणार. तेव्हा एकच विनंती. शेजारचा माणूस थांबला तर 'काय झालं' म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्याजवळ थोडं उभं राहा. तिसरी ओळ कदाचित तुमच्याकडे असेल.

पुढच्या रविवारी सकाळी सहा, गेटजवळ. नी-कॅप चालेल, काठी चालेल. बाई वही घेऊन येणार आहेत.