बांधलेली गाडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "यंदा पाककृती नको, विणकाम नको, तू तुमच्या घरच्या गाडीवर बोल." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भाषण कसले, रोज पाहते ते सांगते.

आमचे हे ट्रकवर ड्रायव्हर आहेत, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच. पण ड्रायव्हर ड्रायव्हरांतही फरक असतो. कोणी मिळेल तो माल नेतो, आज गोंदियाचा तांदूळ तर उद्या कोळसा. ह्यांची गाडी मात्र एका कारखान्याच्या कामाला बांधलेली आहे. पुण्याजवळ चाकणला मोटारीचे सुटे भाग भरायचे आणि थेट जमशेदपूरला उतरवायचे. दुसरा माल नाही, दुसरा रस्ता नाही. भाग ज्या लोखंडी जाळ्यांत भरून जातात, त्या रिकाम्या जाळ्या येताना परत आणायच्या. एका बाजूचे अंतरच दीड हजार किलोमीटरांहून अधिक. नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, त्याने वेळ वाचतो. पण इतक्या सरळ रस्त्यावर डोळा लागायचे भय जास्त, असे हे म्हणतात.

एवढी घाई कशाची, असे मीही एकदा विचारले होते. ह्यांनी सांगितले ते मला चटकन समजले. आपण वर्षाचे धान कोठीत भरून ठेवतो. भाजी मात्र रोजची रोज आणतो. मोटारीचे कारखाने आता सगळाच माल भाजीसारखा आणतात. जपानच्या टोयोटा कंपनीने ही रीत वाढवली आणि पुढे ती जगभर गेली. कोठारात पैसा अडकत नाही, जागा लागत नाही. भाग आला की लगेच गाडीला बसवायचा. पण भाजीवाला आला नाही तर आपण पिठले करून वेळ भागवतो. तिथे एक भाग आला नाही तर सगळे कामच थांबते. म्हणजे कारखान्याची कोठी कुठे गेली? ती आमच्या ह्यांच्या गाडीत आली! तिची राखण, तिची वेळ आणि तिची काळजी, सारे एका माणसाच्या डोळ्यांवर.

आता आमच्या घरची गंमत ऐका. नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग, पूर्वीचा सहा नंबरचा, आता त्याला 53 म्हणतात, आपल्या देवरीवरूनच जातो. म्हणजे महिन्यातून तीनचार वेळा हे घराजवळून जातात आणि घरी येत नाहीत! गाडीत यंत्र बसवलेले असते. ठरल्या जागेवाचून गाडी उभी राहिली की कचेरीतून फोन येतो, "का थांबलात?" साकोलीला पोचले की हे मला फोन करतात. मग मी पोळ्या, वांग्याची भाजी आणि लसणाची चटणी बांधते आणि मोठ्या मुलाला घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहते. रात्रीचा एक वाजलेला असो की तीन. डबा वर द्यायचा, मागचा रिकामा डबा घ्यायचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तुम्ही झोपलात का?" एवढेच बोलणे. धाकटी तर झोपेतही हॉर्न ओळखते. आता ही धाकटी दहावीला आहे, आणि इतक्या वर्षांत बाप दिवाळीला घरी असल्याचे मला तीनदाच आठवते.

एकदा पुढे कुठे अपघात होऊन रस्ता बंद पडला. गाडी पाच तास उशिरा पोचली, आणि मालकाने भत्त्यातून पैसे कापले. रस्ता ह्यांनी का अडवला होता? मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 साली कायदा झाला. दिवसाचे काम आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असे त्यात होते. आता तो नव्या कामगार संहितेत गेला आहे. कायदा चांगला. पण माल वेळेवर मागणाऱ्याने आणि पैसे कापणाऱ्यानेही तो वाचावा, असे मला वाटते. झोपेची चोरी कोणत्याच बिल्टीवर लिहिलेली नसते.

जानेवारी 2024 च्या संपाच्या वेळी पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा ड्रायव्हर लोकांना पुष्कळ बोल लावले गेले. अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद, असे नव्या न्याय संहितेत लिहिले होते. संहिता जुलै 2024 पासून लागू झाली, पण ते कलम तेव्हा बाजूला ठेवले गेले. पळू नये हे खरेच. जखमी माणसाला टाकून जाणे हे पापच. पण थांबले की जमाव मारतो, हे भयही खोटे नाही. दोन्ही गोष्टी आपल्या मुलांना सांगायला हव्यात.

आता जे बोलायला मी खरी उभी राहिले ते. यंदा आमच्या पुतण्याला दोन घरांनी नकार दिला. मुलगा निर्व्यसनी, पगार महिन्याच्या महिन्याला. दोष एवढाच की तो ड्रायव्हर. "ड्रायव्हरला मुलगी द्यायची नाही." अहो, तुमच्या दारातली मोटारसायकल काय आभाळातून पडली? तिची चाके कोणीतरी रात्री जागून आणलीच ना! मात्र मुलीच्या आईने मला विचारले तर मी खोटे सांगणार नाही. लेकरू तापाने फणफणले की दवाखान्यात एकटीनेच जावे लागते. ते झेपत असेल तर द्या. नकार द्यायचा तर त्या कारणाने द्या, धंद्याची लाज वाटून नको.

आणि हा धंदा पुरुषांचाच, असेही समजू नका. नंदुरबारची लेक योगिता रघुवंशी लग्नानंतर भोपाळला गेली, कायदा शिकली, आणि पतीच्या निधनानंतर मुलांसाठी ट्रक चालवू लागली. वकिलीपेक्षा त्यात लवकर पैसा मिळत होता. पूर्वी असल्या परवान्याला आठवी पास असणे लागत असे. ती अट 2019 साली सरकारने काढली. म्हणजे आता सातवीवाल्या माझीही अडचण उरली नाही! हसू नका. आधी छोट्या गाडीचा परवाना, मग वर्षाने मोठ्या गाडीचा. ह्यांना मी तसे सांगूनही ठेवले आहे.

एक काम मात्र आजच करू. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा मिळतो. अठरा ते सत्तर वर्षांच्या कोणालाही, बँकेत खाते असले म्हणजे झाले. पैसे मे महिन्यात खात्यातून आपोआप जातात, पण खात्यात तेवढे शिल्लक हवे. ज्यांच्या घरचा माणूस गाडीवर आहे त्यांनी येत्या शनिवारी दुपारी पासबुक घेऊन माझ्याकडे यावे. अर्ज माझा मुलगा भरून देईल.