कुकरचं झाकण एकदा उजेडात धरून बघा

आम्ही बचत गटातल्या बाया आज तुमच्याशी कुकरविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? रोजच तर लावतो. गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्हीही असंच म्हणत होतो.

झालं असं, की आमच्या गटातल्या एका ताईंनी सकाळी तूरडाळीचा कुकर लावला. तेवढ्यात नळाला पाणी आलं, म्हणून त्या हंडा घेऊन बाहेर गेल्या. हंडा अर्धा भरला असेल, तोच घरात दणका झाला. आत जाऊन बघतात तर कुकरचं झाकण उडून वरच्या पत्र्यावर आदळलेलं आणि डाळ सगळ्या भिंतीभर. पाच मिनिटांपूर्वी त्यांची नात तिथेच शेगडीपाशी भाकरी मागत उभी होती. ती आजीच्या मागे नळावर गेली म्हणून वाचली.

संध्याकाळी आम्ही सगळ्या त्यांच्याकडे जमलो. कुकर मध्ये ठेवला आणि नीट बघितला. भांडं बारा वर्षांचं, पण धडधाकट. बिघाड होता तो झाकणात. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह आधी दोनदा गेला होता. नवीन आणायला तालुक्याला जावं लागतं, म्हणून दारावर आलेल्या दुरुस्तीवाल्याकडून ते भोक नटबोल्ट लावून बंद करून घेतलं होतं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा आम्हीच म्हणालो होतो, "बरं झालं, वीस रुपयांत काम झालं."

आता हा व्हॉल्व्ह करतो काय, ते ऐका. उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंशांना उकळतं. कुकरात वाफ कोंडली जाते, म्हणून आतली उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते आणि डाळ लवकर शिजते. जास्तीची वाफ शिट्टीवाटे बाहेर पडते. पण डाळीचा फेस किंवा साल शिट्टीच्या नळीत अडकलं, तर वाफेला वाट उरत नाही. अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्हमधला लवकर वितळणारा धातू वितळतो आणि वाफ तिथून निघून जाते. कुकरमधलं पाणी आटलं तरीही तो असाच वितळतो. म्हणजे व्हॉल्व्ह गेला, तर त्याने आपलं काम केलं असं समजा. तो का गेला ते शोधायचं आणि त्याच कंपनीचा नवीन बसवायचा. बोल्ट नाही, एम-सील नाही, डाग देणं नाही. वाफेची ती शेवटची वाट आहे.

त्या दिवसापासून आम्ही काही गोष्टी रोज करतो. तुम्हीही करा.

कुकर लावण्याआधी झाकण उजेडात धरायचं आणि शिट्टीच्या नळीतून आरपार बघायचं. पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला तर दाभणाने किंवा बारीक तारेने नळी साफ करायची.

कुकर गळ्यापर्यंत भरायचा नाही. एरवी तीन भागांपैकी दोन भाग पुरे. डाळ, तांदूळ, हरभरा फुगतात आणि फेसाळतात, म्हणून तेव्हा अर्धाच. पाणी घातल्याशिवाय तर लावायचाच नाही.

पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची. मोठ्या आचेने डाळ लवकर शिजत नाही, नुसता गॅस जळतो. चुलीवर असेल तर लाकडं मागे ओढायची, आणि जाळ मुठीला लागत नाही ना ते बघायचं.

झाकण जोर लावून उघडायचं नाही. कुकर निवू द्यायचा. मग डावाने शिट्टी थोडी उचलून बघायची. वाफ येत असेल तर अजून थांबायचं.

आता टिकवायचं कसं? रबरी रिंग रोज काढून धुवायची, पुसायची आणि सावलीत ठेवायची. ती कडक झाली, चिरली, किंवा झाकणाच्या कडेने वाफ जायला लागली की बदलायची. डाव कुकरच्या काठावर ठोकायची आपल्याला सवय असते, ती मोडायची. काठाला पोचा पडला की नवी रिंगही नीट बसत नाही. आंबट आमटी ॲल्युमिनियमच्या कुकरात रात्रभर ठेवायची नाही, त्याने आत बारीक खड्डे पडतात. सोड्याने घासायचं नाही. आतून काळा पडला तर पाण्यात लिंबाची सालं टाकून, झाकण न लावता उकळायचं. आणि एका कंपनीची शिट्टी दुसरीच्या कुकरावर चालवायची नाही, वजनात फरक असतो.

नवा घेणार असाल तर आठवडी बाजारातला बिननावाचा कुकर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर आयएसआय खूण असणं कायद्याने सक्तीचं आहे. खुणेच्या वर आयएस २३४७ हा आकडा असतो आणि खाली सीएम/एल या अक्षरांपुढे लायसन्सचा नंबर. गावातल्या एखाद्या मुलीला मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकून बघायला सांगा, खरा-खोटा कळतो. दुकानदाराला विचारा, याची रिंग आणि व्हॉल्व्ह तुमच्याकडे मिळतात का? मिळत नसतील तर कुकर कितीही चकचकीत असो, दुसरं दुकान बघा. पक्कं बिल घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. माल खोटा निघाला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते, तेव्हा बिल लागतं.

आमच्या गटाने आता एक नेम केला आहे. दर तीन महिन्यांच्या मीटिंगला प्रत्येकीने हप्त्याबरोबर कुकरचं झाकणही आणायचं. पहिल्याच वेळी सतरा झाकणं आली. त्यातल्या पाचांचे व्हॉल्व्ह कशाने ना कशाने बुजवलेले निघाले! आम्ही कंपन्यांची नावं आणि मापं कागदावर लिहिली, तालुक्याला जाणाऱ्या एकीकडे पैसे दिले आणि सगळ्यांचे व्हॉल्व्ह एकदमच आणले. एकटीला जी खेप जड जाते, ती सगळ्यांच्या मिळून एका खेपेत झाली.

त्या ताईंचा बारा वर्षांचा कुकर आजही चालू आहे. झाकण वाकलं होतं, म्हणून त्याच कंपनीचं नवीन झाकण घेतलं. भांडं तेच आहे.

मैत्रिणींनो, हा कार्यक्रम संपला की उठा आणि मांडणीवरचं आपलं झाकण उजेडात धरा. शेजारणीलाही धरायला सांगा.